फोडाशेजारची कातडी

मार्च म्हणजे आमच्या कांडपाचा ऐन हंगाम. कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या गावी माझं मिरची कांडपाचं यंत्र आहे, त्याला आता चोवीस-पंचवीस वर्षं झाली. पहाटे दार उघडायच्या आधीच बायका पाट्या-पोती घेऊन ओट्यावर नंबर लावून बसलेल्या असतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, त्यावर धणे, तीळ, खोबरं, खडा मसाला, शेवटी कांदा-लसूण. दिवसभर नाकातोंडाला ओलं फडकं बांधून उभं राहायचं. २०२२ च्या मार्चमध्ये अशाच एका दुपारी जेवायला बसले, झुणका-भाकरीचा घास तोंडात घातला आणि डाव्या गालाच्या आतून ब्लेड फिरवावं तशी कळ आली. आरशासमोर गाल ताणून बघितलं. करंगळीच्या नखाएवढी लाल, सोललेली जागा होती.

"तोंड आलंय," मी म्हटलं. घरात सगळ्यांनी तेच म्हटलं. पुढं पाच महिने जो भेटेल तो तेच म्हणत राहिला.

तोंड येणं हे आपल्याकडं इतकं ओळखीचं दुखणं आहे की त्याच्याकडं कुणी नीट बघत नाही. उष्णता झाली, जागरण झालं, पोट साफ नाही, तिखट जास्त खाल्लं, अशी कारणं सगळ्यांच्या जिभेवर तयार असतात. माझ्या बाबतीत तर कारण दारातच उभं होतं. जन्मभर मिरचीत हात घातलेल्या बाईचं तोंड येणार नाही तर कुणाचं येणार? मलाही ते पटलेलं होतं. जाईची पानं चघळली, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या केल्या, गुलकंद खाल्ला, सब्जा भिजवून प्याले. गावातल्या डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला जेल दिलं. पंधरा दिवसांनी गालाची जागा तशीच होती आणि टाळूला दुसरी झाली होती.

तेव्हा जे मला कुणीतरी सांगायला हवं होतं ते आधी सांगते. नेहमीचं तोंड येतं तेव्हा जखम लहान असते, गोल असते, मधे पिवळट-पांढरी आणि कडेनं लाल रेघ असते, आणि आठ-पंधरा दिवसांत ती भरून येते. माझ्या जखमांना धड आकार नव्हता. कडा फाटक्या होत्या आणि कडेला भिजलेल्या कागदासारखी पांढरी साल लोंबायची. जिभेनं ढकललं की साल पुढं पुढं निघत जायची. ब्रश लावला की हिरडीवरून पातळ पापुद्रा सुटायचा आणि खाली लालभडक. एक जागा भरत आली की शेजारी दोन नव्या. फोड म्हणून काही दिसायचाच नाही, कारण तोंडातला फोड घासाला नाहीतर दाताला लागून आल्या आल्या फुटतो. आपल्याला दिसते ती मागं राहिलेली जखम.

दातांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मशेरी लावता का?" मी कधीच लावली नाही. त्यांनी दात साफ केले, एक दाढ टोकदार होती ती घासून दिली. आणखी एकांनी बुरशी म्हणून पंधरा दिवस औषध दिलं. मे महिन्यात तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात तपासणीसाठी तुकडा काढला. जिभेखालची सगळ्यात मोठी जखम निवडली आणि बरोबर तिच्या मधोमध चिमटा घातला. तेव्हा ते मला योग्यच वाटलं. जिथं जास्त दुखतं तिथंच बघायला पाहिजे ना! आठवड्यानं रिपोर्ट आला. जखम आहे, सूज आहे, कॅन्सरच्या पेशी नाहीत. आमच्या ह्यांनी अंबाबाईला नारळ फोडला. कॅन्सर नाही या आनंदात आम्ही पुढचे दोन महिने काहीच केलं नाही. मग आहे तरी काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्या दोन महिन्यांत मी ताकात भिजवलेला भात आणि गार नाचणीची आंबील यावर होते. नंतर आंबीलही गिळवेना. आवाज बसला. रोज गिऱ्हाईकाशी बोलणारी मी, हातानं खुणा करायला लागले. सकाळी उठलं की उशीवर रक्ताचे डाग आणि ओठ एकमेकांना चिकटलेले. हंगामाआधी माझं वजन एकसष्ट किलो होतं, आषाढात बावन्न भरलं.

मग डोक्यात सुरू झालं. केस विंचरताना फणीला ओलं लागायचं, खपल्या निघायच्या. कोंडा असेल म्हणून मी तेल लावलं. आणि एका रात्री झोपायच्या आधी नेहमीसारखी टिकली काढली, तर टिकलीच्या पाठीला कातडी चिकटून आली. कपाळावर टिकलीएवढाच गोल, ओला, लाल ठिपका. मी ती टिकली बोटावर धरून किती वेळ बघत बसले होते कुणास ठाऊक. दुखत असं फार नव्हतं. पण आपली कातडी आपल्या अंगाला धरून राहिलेली नाही, हे त्या क्षणी कळलं, आणि तशी भीती मला आधीही कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

आठवड्याभरात छातीवर, पाठीवर, काखेखाली फोड आले. भाजल्यावर येतात तसे टच्च भरलेले नव्हते. सैल, पाण्याच्या अर्धवट भरलेल्या पिशवीसारखे. ते दुसऱ्याच दिवशी फुटायचे आणि खालची जागा सुकायचीच नाही. ब्लाऊज पाठीला चिकटायचा, तो भिजवून सोडवायला लागायचा.

गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, नागीण आहे. काव लावणाऱ्या एका माणसाकडं नेलं. त्यानं कावेच्या रेघा ओढल्या, दोन्ही टोकं जुळू द्यायची नाहीत म्हणाला. मग एका डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं. त्यानं जादू केल्यासारखं आठ दिवस बरं वाटलं, दहाव्या दिवशी दुप्पट फोड. कशाचं इंजेक्शन होतं ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. पुढं निदान करणाऱ्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तेच विचारलं, कारण स्टेरॉईडनं खुणा पुसट होतात.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. कांडपाला येणाऱ्या बायका कमी झाल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण चाळीस वर्षांची जुनी ओळख असलेली एकजण मिरच्यांचं पोतं दारातून परत घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात कांडपाला गेली. एका लग्नात माझ्या शेजारचा पाट रिकामाच राहिला. हा आजार स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं, कपड्यांनी, कशानंही दुसऱ्याला होत नाही. हे मी आता छातीठोक सांगू शकते. तेव्हा मलाच माहीत नव्हतं, म्हणून मी माझ्या नातवाला सहा आठवडे मांडीवर घेतलं नाही.

माझी भाची मिरजेला नर्स आहे. पंचमीला आली, तिनं मला बघितलं आणि पहिल्यांदा कुणीतरी तो प्रश्न विचारला. "मावशी, तोंडातलं आधी झालं की अंगावरचं?"

"तोंडातलं. मार्चपासून."

"मग हे दोन आजार नाहीत. एकच आहे. उद्या चामडीच्या डॉक्टरांकडं जायचं, मोठ्या सरकारी दवाखान्यात. आणि आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घाल."

सकाळी आठला केसपेपर काढला, साडेअकराला नंबर लागला. शिकाऊ डॉक्टर होत्या, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी घाई केली नाही. फोड घट्ट असतात की सैल? खाज येते का? डोळे, नाक, लघवीची जागा, तिथं काही आहे का? घरात कुणाला असं होतं का? ब्लडप्रेशरची कुठली गोळी चालू आहे? पिशवीतलं एकेक पाकीट उलटून वाचलं. काही औषधांनीही असा आजार सुरू होतो, ते आधी बाजूला काढायला लागतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला पाठ करून बसायला सांगितलं. फोडांपासून दोन बोटं लांब, जिथं कातडी अगदी धड होती, तिथं अंगठा टेकवला आणि किंचित दाबून बाजूला सरकवला. कातडी अंगठ्याबरोबर सरकली. पिकलेल्या टोमॅटोची साल सरकते तशी.

त्यांनी आपल्या मॅडमना हाक मारली. मॅडमनी बघितलं आणि दोघी एकमेकींशी एकच शब्द बोलल्या, "निकोल्स्की." मला वाटलं आजाराचं नाव. तसं नाही. निकोल्स्की हा रशियन डॉक्टर, त्यानं १८९६ साली ही खूण लिहून ठेवली. मी त्यांना टिकलीची गोष्ट सांगितली, तशा मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे ही तपासणी तुमच्या घरी आधीच झालेली होती."

इथं मला वाटलं की आता औषध मिळेल. मॅडमनी औषध दिलं नाही. म्हणजे जखमांना लावायचं, दुखणं कमी व्हायचं दिलं, पण मुख्य औषध नाही. म्हणाल्या, "मला ऐंशी टक्के खात्री आहे. पण याचं औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं आणि ते औषधही अंगावर येतं. ऐंशी टक्क्यांवर ते सुरू करायचं नाही." आणि त्या दिवशी माझ्या अंगावर एकही अखंड फोड नव्हता. सगळे फुटलेले. "नवा फोड येईल त्या दिवशी या. फोडू नका, फुटू देऊ नका. चोवीस तासांच्या आतला पाहिजे."

आयुष्यात कधी फोड यावा म्हणून वाट बघितली नव्हती, ती चार दिवस बघितली. पाचव्या दिवशी पहाटे अंघोळीच्या आधी बघितलं तर डाव्या कुशीवर, नेसूच्या वर, एक आवळ्याएवढा आणि त्याच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढा बारका. दोन्ही स्वच्छ, आतलं पाणी दिसत होतं. मी अंघोळ केली नाही. सहावारी नेसले पण पदर उजवीकडून घेतला, डावी बाजू मोकळी ठेवली. ह्यांनी जुन्या धोतराचं फडकं हातभर अंतरावरून झाकलं. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी मी बसले नाही, कारण बसलं की कुशीला वळी पडते. दीड तास दांडा धरून उभी होते. प्रत्येक गतिरोधकाला श्वास रोखत होते. ह्यांनी माझ्या डाव्या बाजूला हात आडवा धरून ठेवला होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. एवढं जपून तर आम्ही पोरगी बाळंतपणाहून आणली तेव्हाही आलो नव्हतो.

त्या दिवशी जे जे झालं ते सगळं मला नीट आठवतं, कारण त्या मुलीनं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांनी, प्रत्येक गोष्ट सांगत सांगत केली.

मोठा फोड त्यांनी कडेला टोचला, वरची साल उलटली आणि तळ हलकेच खरवडून काचेच्या पट्टीवर पसरला. त्यावर जांभळा रंग घातला. ही झँक तपासणी. अर्नो झँक म्हणून पॅरिसचे डॉक्टर होते, त्यांच्या नावाची. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर. मी विचारलं, "मला बघू द्याल?" त्यांनी स्टूल ओढून दिलं. सूक्ष्मदर्शकातून बघायची माझी पहिलीच वेळ. डोळा नीट लागायला वेळ लागला. मग दिसलं. गोल गोल दाणे, भिजलेल्या उडदासारखे, सुटे सुटे, आणि प्रत्येकात मोठा गडद ठिपका.

"या कातडीच्या पेशी आहेत. या अशा गोल नसतात मावशी. एकमेकींना धरून बसलेल्या, चपट्या असतात. हात सुटले म्हणून गोल झाल्या," त्या म्हणाल्या. आणि नागीण असती तर काय दिसलं असतं तेही सांगितलं. नागिणीचा विषाणू असेल तर एकेका पेशीत कितीतरी ठिपके असलेल्या थोराड पेशी दिसतात. इथं तशी एकही नव्हती. कावेच्या रेघांचा विषय तिथं संपला.

पण या तपासणीवर थांबायचं नसतं. बारका फोड त्यांनी अख्खाच्या अख्खा, चार मिलिमीटरच्या गोल सुरीनं उचलला, बधिर करून. तो फॉर्मालिनच्या, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत गेला. मग सुरी बदलून त्यांनी फोडापासून बोटभर अंतरावर, जिथं काहीसुद्धा नव्हतं, तिथं दुसरं इंजेक्शन दिलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिथं काही झालेलं नाही हो."

"म्हणूनच तिथं घेते."

हे वाक्य मला नंतर कितीतरी दिवस पुरलं. जिथं जखम झाली तिथं सगळं मोडून गेलेलं असतं. आपल्या रक्तातलं जे कातडीवर चाल करून येतं ते तिथं उरत नाही, सूजच सूज दिसते. ते सापडतं शेजारच्या, अजून न फुटलेल्या कातडीत. मे महिन्यात जखमेच्या मधोमध घेतलेल्या तुकड्यात काही कळलं नाही ते यामुळं. तिथं वरचा थरच शिल्लक नव्हता, मग तो थर कुठून सुटला हे दिसणार कसं? तो तुकडा काढणाऱ्यांनी कॅन्सर शोधला आणि कॅन्सर नव्हता, एवढंच त्यांचं उत्तर होतं. मला राग आहे तो याचा, की "अजून शोधायला पाहिजे" हे एक वाक्य कुणी रिपोर्टखाली म्हटलं नाही.

दुसऱ्या तुकड्याची बाटली वेगळी होती. त्यात फॉर्मालिन चालत नाही, चुकून पडलं तर तुकडा वाया गेला. खास द्रवात तो ठेवला. ही तपासणी तिथं होत नव्हती, दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायला लागली, आणि बाटलीवर मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "फॉर्मालिन नको." सोबत एक बाटली रक्त. दोन टाके घातले आणि आम्ही परत आलो. येताना मला बसायला जागा मिळाली आणि मी घर येईपर्यंत झोपले.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आले. मॅडमनी ते माझ्या हातात दिले नाहीत, आधी खुर्ची दिली.

नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस. पेम्फिक्स म्हणजे ग्रीक भाषेत फोड, आणि व्हल्गॅरिस म्हणजे नेहमी आढळणारा. या आजाराची जी भावंडं आहेत त्यांच्यात हा जास्त दिसतो म्हणून तसं नाव, एरवी तो विरळाच. गावातल्या डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात एकही रोगी बघितलेला नसणं शक्य आहे, हे मला आता समजतं.

मी विचारलं, "माझं काय चुकलं? मिरची?"

"मिरचीचा काही संबंध नाही," मॅडम म्हणाल्या, आणि मी तिथं रडले. पाच महिने मी माझ्या धंद्याला दोष देत होते.

त्यांनी माझ्या ब्लाऊजकडं बोट दाखवून समजावलं. कातडीच्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी जोडलेल्या असतात समजा. त्या बटणातला एक भाग म्हणजे डेस्मोग्लीन नावाचं प्रथिन. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढायला प्रतिपिंडं तयार होतात, ती इथं चुकून याच बटणांवर उठतात. बटणं उघडतात, थर सुटतो, मधे पाणी भरतं, तो फोड. डेस्मोग्लीनचे प्रकार आहेत. तोंडाच्या आतलं अस्तर मुख्यतः तीन नंबरच्या बटणावर टिकून असतं. बाहेरच्या कातडीत एक नंबरचंही भरपूर असतं. आधी फक्त तीन नंबरविरुद्ध प्रतिपिंडं असतील तर तोंड सोलतं आणि कातडी तग धरते, एक नंबर तिला सांभाळून घेतो. पुढं एक नंबरवरही हल्ला झाला की अंगावर फोड. माझ्या रक्तात दोन्ही सापडली. मार्च ते आषाढ तोंडातच का आणि मग एकाएकी अंगभर का, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. आजार दोन नव्हते हे भाचीनं ओळखलं होतं, ते असं.

बारक्या फोडाच्या तुकड्याचा फोटो बघितला. फोड कातडीच्या अगदी तळच्या ओळीच्या लगेच वर फुटला होता. तळची एक ओळ खाली जमिनीला घट्ट धरून उभी, वरचं सगळं उचललेलं. त्या उभ्या पेशींना पुस्तकात थडग्यांच्या दगडांची रांग म्हणतात. शिकाऊ डॉक्टरांनी ते सांगितलं आणि लगेच गप्प झाल्या, मला कसं वाटेल म्हणून. मला काही वाटलं नाही. त्या पेशी उभ्या होत्या हेच मला बरं वाटलं. हाच फोड आणखी एक थर खाली, त्या ओळीच्याही खालून सुटला असता तर तो वेगळा आजार. त्यात फोड घट्ट असतात, खाज फार असते, बहुधा म्हातारपणी होतो आणि तोंड सहसा एवढं सोलत नाही. हे दोन आजार वेगळे आहेत हे वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ साली नक्की केलं. पहिल्या दिवशी "घट्ट की सैल, खाज आहे का" हे का विचारलं होतं ते मला तेव्हा समजलं.

आणि मग दुसऱ्या बाटलीतला, धड कातडीचा फोटो. काळ्याकुट्ट अंधारात हिरवं चमकणारं जाळं. मासे धरायला टाकतात तसं हुबेहूब, एकेक घर मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. जाळ्याचा धागा म्हणजे माझ्याच रक्तातली प्रतिपिंडं, प्रत्येक पेशीच्या भोवती चिकटून बसलेली. त्यांच्यावर चमकणारा रंग चढवला म्हणून दिसली. माझ्या डोळ्यांना ज्या जागी काहीच दिसत नव्हतं त्या जागी हे पसरलेलं होतं. ही प्रतिपिंडं पहिल्यांदा १९६४ साली अमेरिकेत बफेलोला ब्यूटनर आणि जॉर्डन या दोघांनी दाखवली. त्याच्या आधी हा आजार का होतो हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि स्टेरॉईड यायच्या आधी, म्हणजे १९५० च्या आधी, बहुतेक रोगी काही वर्षांत दगावायचे. त्या फोटोकडं बघताना मला माझ्या आईची एक चुलती आठवली. तिच्याबद्दल घरात एवढंच सांगतात की "तिचं अंग सोललं होतं." तिला काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही.

औषध सुरू करायच्या आधी आणखी आठवडा गेला. साखर, छातीचा एक्स-रे, टीबी आहे का, ‘बी’ प्रकारची कावीळ आहे का, हाडं कशी आहेत. या औषधांनी अंगाची लढायची ताकद दाबली जाते, म्हणून आत दबून बसलेलं काही उठू नये. मी उतावीळ झाले होते, पण हे सगळं केल्याशिवाय मॅडम हलल्या नाहीत आणि ते बरंच झालं, कारण साखर काठावर निघाली. त्यांनी मला दोन मार्ग सांगितले. एक आपल्याच देशात उभा राहिलेला. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात या आजारासाठी महिन्यातून तीन दिवस सलाईनमधून स्टेरॉईडचा मोठा डोस द्यायची पद्धत बसवली, तिनं त्या काळात कितीतरी माणसं वाचली. दुसरा नवा, रिटुक्सिमॅब. प्रतिपिंडं ज्या पेशींपासून तयार होतात त्यांनाच ते गाठतं. अमेरिकेत या आजारासाठी त्याला २०१८ साली मान्यता मिळाली. मला स्टेरॉईडच्या गोळ्या आणि पंधरा दिवसांच्या अंतरानं रिटुक्सिमॅबची दोन सलाईनं ठरली. भिशीचे पैसे उचलले, पाटल्या गहाण ठेवल्या.

गोळ्यांनी दहाएक दिवसांत नवे फोड थांबले. अंगावरचं आधी सुकलं, तोंडातलं सगळ्यात शेवटी. तेव्हा चेहरा सुजून गोल झाला, रात्री भुकेनं जाग यायची, साखर वाढली, ती गोळीवर आली. मॅडमनी हे सगळं आधी सांगितलं होतं त्यामुळं मी गोळ्या सोडल्या नाहीत. मनानं गोळी बंद करणाऱ्यांचा आजार उसळून येतो हे मी त्याच ओपीडीतल्या बाकावर शेजारणीकडून ऐकलं होतं, तिच्या पाठीकडं बघून.

मॅडमनी मला एक चिठ्ठी लिहून दिली. "हा आजार संसर्गजन्य नाही," एवढंच, सही-शिक्क्यासह. ती मी प्लॅस्टिकमध्ये घालून कांडपाच्या भिंतीला लावली, वजनकाट्याच्या वर. पुढच्या हंगामात त्या पोतं परत नेणाऱ्या बाई आल्या. चिठ्ठी वाचली. काही बोलल्या नाहीत, पोतं खाली ठेवलं आणि नंबर विचारला. मी सांगितला.

आता स्टेरॉईड बंद होऊन दीड वर्ष झालं. सहा महिन्यांनी रक्त तपासते. रोज सकाळी दात घासायच्या आधी टॉर्च घेऊन तोंड बघते, गाल, टाळू, जिभेखाली. मधे एकदा गालाला बारीक लाल जागा दिसली तेव्हा मी जाईची पानं शोधली नाहीत, त्याच दिवशी एसटी धरली. ती दाताची चावणूक निघाली, आठवड्यात भरली.

फोडांच्या जागी काळे डाग पडले होते, तेही आता विरत आलेत. या आजारात फोड इतका वर सुटतो की भरल्यावर व्रण राहत नाही. पाठीला हात लावला तर काही कळत नाही. डाव्या कुशीवर मात्र टाक्यांच्या दोन खुणा आहेत, बोटभर अंतरावर. नातू विचारतो, "आज्जी, हे काय?" वरची बारक्या फोडाची. खालची जिथं काही झालेलं नव्हतं तिथली, ती जरा ठळक आहे.